‘कडी-कोयंडा उचकटून’: घरामागच्या वर्कशॉपची राखण

पेपरच्या आतल्या पानावर दर दोन-चार दिवसांनी एक छोटी बातमी येते. गाव बदलतं, ऐवजाचा आकडा बदलतो, वाक्य तेच राहतं: ‘अज्ञात चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ दुकान असेल तर ‘शटर उचकटून’. गोदाम किंवा शेड असेल तर ‘पत्रा उचकटून’. ही वाक्यं इतक्यांदा वाचलीत की आता डोळे त्यांच्यावरून नुसते घसरतात.

मी ती नीट वाचायला लागलो माझ्याच शेडमध्ये चोरी झाल्यावर. घरामागे १२ बाय २० फुटांची शेड आहे. त्यात एक जुना लेथ (धातू कातायचं यंत्र), बेंच ड्रिल, वेल्डिंग मशीन आणि वडिलांच्या वेळची हत्यारं. पावसाळ्यातल्या एका रात्री ग्राइंडर, ड्रिल मशीन, वेल्डिंगची केबल, एक मोटर, वडिलांचे काही पाने आणि पितळी बुशांचा डबा गेला. दाराला मी मोठ्या हौसेने भारी कुलूप आणून लावलं होतं. सकाळी ते जसंच्या तसं, चावी घातली तर मऊ लोण्यासारखं उघडलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी कुलूप पाहिलं, मग मान वर करून छत पाहिलं, आणि काही बोलले नाहीत.

नंतर आमच्या उद्यमनगरातला फॅब्रिकेटर आला. तो मात्र बोलला. “दादा, कुलूप लई भारी हाय ओ. पण पत्र्याचा नट बाहेरनंच फिरतोय की.”

या लेखात जे काही आहे ते सगळं त्या एका वाक्यातून आलंय. बाहेरून ज्याचा नट फिरतो, ज्याचा स्क्रू निघतो किंवा ज्याच्या फटीत कटावणी शिरते, त्या प्रत्येक जागेला चोर दार समजतो. आपण ज्याला दार म्हणतो ते त्यातलं फक्त एक.

कुलूप म्हणजे नेमकं काय विकत घेतो आपण

कुलूप दोन वेगळ्या हल्ल्यांना तोंड देतं आणि या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पहिला हल्ला चावीशिवाय उघडण्याचा. कुलपावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं ते याबद्दल सांगतं. आत पातळ पट्ट्या असतात. योग्य चावी फिरली की प्रत्येक पट्टी बरोबर तिच्या उंचीवर येते, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत जुळतात आणि बोल्टला सरकायला वाट मिळते. एक जरी पट्टी कमी-जास्त उचलली गेली तरी वाट बंद. पिन टंबलर कुलपात पट्ट्यांऐवजी स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात, तत्त्व तेच. पट्ट्या जास्त असतील तर तारेने खेळून उघडणं अवघड होतं आणि दुसऱ्याची चावी चुकून लागण्याची शक्यता कमी होते.

दुसरा हल्ला सरळ ताकदीचा: कापणं, ठोकणं, उचकटणं. याबद्दल लिव्हरचा आकडा काहीच सांगत नाही. ७ लिव्हरच्या कुलपाचा वाकडा दांडा मऊ लोखंडाचा असेल तर बोल्ट कटर त्याला भाजीच्या देठासारखा कापतो.

हेन्री मॉड्स्ले हे नाव लेथवर काम करणाऱ्यांनी ऐकलेलं असेल. स्क्रू कापायच्या लेथला खरं रूप देणाऱ्यांत त्याचं नाव वरचं. तो तरुणपणी लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याकडे कामाला होता. ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेलं होतं आणि उघडून दाखवेल त्याला २०० गिनींचं बक्षीस होतं. कित्येक दशकं ते कुणालाच उघडता आलं नाही. शेवटी १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ते उघडलं. त्याला १६ दिवसांत मिळून ५० तासांहून जास्त वेळ लागला. आपल्याकडेही अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्या एवढ्या मोठ्या कारभाराचं मूळ एका छोट्या कुलपाच्या कारखान्यात आहे. गोष्टी छान आहेत, पण तुमच्या शेडपाशी १६ दिवस बसून पट्ट्या जुळवणारा कुणी येणार नाही. जो येणार त्याच्याकडे कटावणी असते आणि हाताशी थोडाच वेळ असतो.

तेव्हा कुलूप घेताना लिव्हरच्या आधी दांडा पाहा. १० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. तो कडक केलेला आहे की नाही हे वर्कशॉपवाल्याला दुकानदाराच्या तोंडून ऐकायची गरज नाही. दुकानात सगळ्यांसमोर करू नका, पण घरी आणल्यावर दांड्याच्या कोपऱ्यावर कानस फिरवून बघा. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर दांडा कडक आहे. कीस निघाला तर मऊ आहे. तसा निघाला तर ते कुलूप मुलाच्या सायकलला द्या.

कुलूप कसंही असो, दांड्याचा जेवढा भाग उघडा तेवढा तो कटरच्या तोंडात जाणार. म्हणून कुलपाला घर करतात. ५ मिलिमीटर प्लेटचा, खालून उघडा असा डबा दारावर वेल्ड करायचा आणि कुलूप त्याच्या आत लोंबू द्यायचं. हात आणि चावी खालून जाते, कटरचे लांब दांडे आत फाकत नाहीत. पावसापासूनही आडोसा मिळतो. डबा फार ऐसपैस करू नका, नाहीतर आत हात घालून ग्राइंडर चालवता येतो. करण्याआधी तुमची स्वतःची मूठ आत जाऊन चावी फिरते का ते मात्र मोजून घ्या. मी पहिला डबा केला तो माझ्याच हाताला लहान झाला होता.

कोयंडा: ८०० किलोचा प्रश्न

आता बातमीतल्या शब्दाकडे येऊ. कोयंडा म्हणजे कडी ज्यात अडकते आणि ज्यातून कुलूप जातं ती वाकवलेली लोखंडी कमान. लाकडी दारावर तो बहुतेक वेळा पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेला असतो. दार २० वर्षांचं असेल तर त्या स्क्रूंच्या भोवतीचं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं.

कटावणी ही तरफ आहे. समजा ती ६० सेंटिमीटर लांब आहे आणि तिच्या वाकड्या टोकाचा टेकू टोकापासून ३ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे जोर २० पट होतो. माणसाने अंग टाकून ४० किलोचा दाब दिला तर टोकाशी ८०० किलोची ओढ तयार होते. चार स्क्रूंना हे पेलणं शक्यच नाही. ते लाकडातून चिखलातल्या काठीसारखे उपसून येतात. फारसा आवाजही होत नाही, एक ‘कर्र’ आणि मग शांतता. कुलूप बंदच राहतं, फक्त आता ते दाराऐवजी जमिनीवर असतं.

यावर उपाय महाग नाही. स्क्रू काढून टाका आणि दाराच्या आरपार बोल्ट घाला. बाहेर गोल गुळगुळीत टोपी, जिला पाना किंवा पेचकस धरायला जागाच नाही. आत एक ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, तिच्यावर वॉशर आणि नट. पट्टी यासाठी की ओढ एका भोकाच्या कडेवर न येता दाराच्या मोठ्या भागावर पसरावी. नट आवळल्यावर बोल्टचे उरलेले आटे हातोडीने ठोकून चेपून टाकले की नट परत सुटत नाही. लोखंडी दार असेल तर कोयंडा सरळ वेल्ड करा, नुसता दोन टिपके देऊन नाही तर चारी बाजूंनी. वेल्डिंग मशीन तुमच्याच शेडमध्ये आहे, निमित्त कशाला शोधायचं?

दारापुढे चौकट आणि चौकटीपुढे भिंत. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते. चार इंची भिंतीत, अर्ध्या सिमेंटच्या मालात बसवलेली चौकट दारासकट हलते. दाराच्या वरच्या कोपऱ्यापाशी खांद्याने जोर देऊन बघा. चौकटीभोवतीच्या गिलाव्याला बारीक रेष पडलेली दिसली तर कुलपाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पक्के करून घ्या.

बिजागऱ्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीची पिन बाहेर येते. पिन ठोकून काढली की कुलपाच्या बाजूला हात न लावताही दार दुसऱ्या बाजूने निघतं. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डचा एक टिपका द्या. त्याशिवाय दाराच्या बिजागरीकडच्या कडेला एक-दोन जाड खुंट्या लावा. दार बंद झालं की त्या चौकटीतल्या भोकांत शिरल्या पाहिजेत. मग पिना काढल्या तरी दार जागचं हलत नाही. वरून अडकवलेल्या बिजागऱ्यांवरचं लोखंडी गेट दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात. त्यावर वरच्या बिजागरीच्या डोक्यावर एक तुकडा वेल्ड करणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

राहिला दाराचा पत्रा. २४ गेजचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर असतो आणि पत्राकातर त्यातून कागदासारखी जाते. १६ गेज दीड मिलिमीटरच्या थोडा वर जातो. फरक दुप्पट-तिप्पट जाडीचा आहे, मेहनतीचा त्याहून जास्त. सगळा पत्रा बदलायची ऐपत नसेल तर आतून आडव्या-उभ्या पट्ट्या मारून घ्या. भोक पाडलं तरी माणूस आत यायला नको, एवढंच बघायचं आहे.

पत्रा

माझी चोरी इथून झाली, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

सिमेंटचे किंवा लोखंडी पन्हळी पत्रे पर्लिनवर, म्हणजे छपराखालच्या आडव्या तुळयांवर, जे-हुकने धरलेले असतात. हुकाचं वाकडं टोक आत पर्लिनला मिठी मारतं आणि आट्यांचं टोक पत्र्यातून वर येतं. नट आणि डांबरी वॉशर छपराच्या वर, उघड्यावर. हे असंच असावं लागतं, कारण नट वरून आवळायचा असतो. पण याचा अर्थ असा की १२-१३ चा एक पाना घेऊन छपरावर चढलेला माणूस तुमचं छत ज्या क्रमाने बसवलं त्याच्या उलट क्रमाने शांतपणे खोलू शकतो. नव्या रंगीत पत्र्यांना सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असतात, त्यांचंही षट्कोनी डोकं बाहेरच. सिमेंटचा पत्रा तर फोडताही येतो. पावसाळ्याच्या रात्री आवाज पावसात विरून जातो आणि शेजारी खिडक्या लावून झोपलेले असतात.

बाहेरच्या नटांचं फार काही करता येत नाही. आटे ठोकून ठेवले तर पुढच्या वर्षी गळका पत्रा बदलताना तुम्हीच स्वतःला शिव्या द्याल. खरा उपाय आतून आहे: पर्लिनच्या खाली दुसरं, उघडं छत. आडवे गज टाकायचे आणि प्रत्येक पर्लिनला वेल्ड करायचे. दोन गजांत ५ इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. माझ्या शेडचा हिशेब देतो. २० फूट लांबीत ५ इंचांवर ४८ गज, प्रत्येक १२ फुटी, म्हणजे सुमारे १७५ मीटर. १० मिलिमीटरचा गज मीटरला ०.६१७ किलो भरतो, म्हणजे एकूण १०८ किलोच्या आसपास. एवढं वजन जुन्या पर्लिन आणि भिंती पेलतील का, हे आधी फॅब्रिकेटरकडून बघून घ्या. नाही पेलणार म्हणाला तर हलकी वेल्डमेश जाळी पर्लिनला पट्टीने दाबून वेल्ड करता येते. ती कापता येते हे खरं, पण छपरावर ओणवं होऊन, हात खाली घालून, एक-एक तार कापत बसायला वेळ लागतो. पत्र्यांना हात लावताना एक काळजी घ्या. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ते कोरडे कापू-घासू नका, ओले करा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

जाळी बसवून झाली की बाहेर या आणि छपरावर चढायला तुम्ही कायकाय सोय करून ठेवली आहे ते बघा. आमच्याकडे भिंतीला टेकवलेली शिडी होती, शेजारी पाण्याचं पिंप होतं, आणि विटांचा ढीग पायरीसारखा रचलेला होता. सगळं माझंच.

शिडीवरून पुढचा मुद्दा आलाच. वर्कशॉप हे एकच ठिकाण असं आहे जिथे चोराला लागणारं प्रत्येक हत्यार आधीच हजर असतं. पहार, बोल्ट कटर, ग्राइंडर, गॅस कटर. तो एकदा आत आला की तुमच्याच ग्राइंडरने तुमचं कपाट कापतो. माझ्याकडे शेजाऱ्याची पहार अंगणात पडलेली होती, तीसुद्धा गेली, आणि शेजाऱ्याला तोंड दाखवायची चोरी झाली ती वेगळीच. म्हणून कापणारी आणि उचकटणारी हत्यारं जाड पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी जमिनीला अँकर बोल्टने. बोल्ट पेटीच्या आतून मारायचे, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय हात लागणार नाही. शेडच्या विजेचं मुख्य बटण घरात आणा आणि झोपताना बंद करा. अलार्म आणि कॅमेऱ्याची लाइन तेवढी वेगळी ठेवा.

शटर, खिडकी आणि पंख्याचं भोक

रस्त्याकडे शटर असेल तर त्याची कमजोरी मधोमध आहे. दोन्ही टोकांना कुलूप, पण १० फूट रुंदीचं शटर मध्ये पकडून वर ओढलं की खालची पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि बारीक अंगाचा माणूस खालून सरकतो. मधोमध जमिनीत रोवलेल्या कोयंड्यात अडकणारं तिसरं कुलूप लावा. आत सरकतं जाळीचं गेट असेल तर फारच उत्तम.

खिडकीचे गज लाकडी चौकटीवर बाहेरून स्क्रूने मारले असतील तर ते गज नसून शोभेची वस्तू आहे. ते भिंतीत पुरलेले हवेत. एक्झॉस्ट फॅनचं १२ इंची भोक सगळेजण विसरतात. पंखा चार स्क्रूंवर असतो आणि १२ इंचांतून सडपातळ माणूस सहज जातो. तिथेही आडवे गज हवेत.

एक मात्र विसरू नका. वेल्डिंग आणि गॅसचं काम जिथे चालतं तिथे आग लागू शकते. सगळीकडे गज मारून झाल्यावर आत असताना बाहेर पडायला दुसरी वाट उरते का? एका खिडकीची जाळी आतून कडीने उघडणारी ठेवा. आणि आत माणूस असताना बाहेरून कुलूप घालायची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा.

चोर नेमकं काय नेतो

लेथ कुणी नेत नाही. नेतो त्याचा चक, मोटर, टूल बिट्स, कार्बाइडच्या टिपा, मायक्रोमीटर. हातात मावतं आणि भंगारात किंवा जुन्या बाजारात विकलं जातं ते. तांब्याचं उदाहरण घ्या. तांब्याच्या वेल्डिंग केबलचा काटछेद ३५ चौरस मिलिमीटर असेल आणि लांबी १० मीटर, तर आत ३५० घन सेंटिमीटर तांबं भरतं. दर घन सेंटिमीटरला जवळपास ९ ग्रॅम, म्हणजे ३ किलोहून जास्त. तुम्ही ती केबल संध्याकाळी खिळ्याला गुंडाळून ठेवता. सोन्याची चेन तशी ठेवाल का? दिवस संपताना केबल आणि पितळेचा माल घरात नेणं हा कुलपाच्या दुकानात न मिळणारा बंदोबस्त आहे.

कुणाला काय दिसतं हाही त्यातलाच भाग. भंगारवाल्याला शेडमध्ये बोलावून वजन करायला लावू नका, माल फाटकाबाहेर आणून द्या. काचेच्या खिडकीला आतून पांढरा रंग मारा. नव्या मशीनची रील टाकायची असेल तर मागे दार, कुलूप आणि घराचा नंबर दिसत नाही ना ते पाहा. ‘गणपतीला गावी चाललो’ ही पोस्ट परत आल्यावर टाकली तरी लाइक तेवढेच पडतात.

डोळे आणि कान

आणखी एक नेहमीचं वाक्य: ‘चोरट्यांनी जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला.’ डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, शेडमध्ये, टेबलावर, कॅमेऱ्याच्या वायरीचा माग काढत गेलं की सापडेल असा. तो घरात ठेवा किंवा चित्रण क्लाउडवर जाऊ द्या.

कॅमेरा किती लांबून चेहरा ओळखू देतो याबद्दल मोठे गैरसमज आहेत. तंत्रज्ञ असं मोजतात की अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रातल्या एका मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल हवेत. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. भागाकार केला तर पावणेआठ मीटरपर्यंतची रुंदी दिसेल तोवरच चेहरा ओळखू येईल. आता लेन्स ९० अंशांचं असेल तर चित्राची रुंदी अंतराच्या दुप्पट होते. म्हणजे कॅमेऱ्यापासून चार मीटरच्या आत आलेला माणूसच ओळखता येतो, जेमतेम १२-१३ फूट. त्यापलीकडे दिसतं ते ‘कुणीतरी काळा शर्ट घातलेलं’. तेव्हा अंगण दाखवणारा एक कॅमेरा असू द्या, पण दुसरा दारापाशी, चेहऱ्याच्या उंचीच्या जरा वर, माणूस ज्या जागी उभा राहील तिथे रोखलेला हवा. दर आठवड्याला झाडू फिरवा. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात लेन्सपुढे कोळ्याने विणलेला एक धागा सगळं चित्र पांढरंफेक करून टाकतो.

अलार्मचा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. माणसाचं अंग आसपासच्या हवेपेक्षा गरम असतं आणि ते सेन्सरच्या नजरेतून आडवं सरकलं की तो जागा होतो. दोन गोष्टी यातून निघतात. सेन्सर असा लावा की आत आलेला माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल, सरळ त्याच्याकडे चालत येणार नाही. आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात, विशेषतः अकोला-चंद्रपूरकडे, हवाच अंगाइतकी तापलेली असते तेव्हा हा सेन्सर अर्धा आंधळा होतो. दाराला चुंबकाचा सेन्सर लावून त्याची भरपाई करता येते. पण लोखंडी दारावर साध्या चुंबकाची ताकद कमी पडते, लोखंडी दारासाठीचा वेगळा प्रकार मिळतो तो मागा. आणि वर्कशॉपमधला सगळा लोखंडी कीस त्या चुंबकाला येऊन चिकटतो, तो पुसावा लागतो. सायरनला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर वीज गेली की तोही झोपला.

झटक्याची वायर लावू नका

चिडलेला माणूस हे हमखास बोलतो: “दाराला करंट सोडतो, बघतो कोण येतं ते.” बिहारमध्ये एकाने आपल्या संडासात कुणी शिरू नये म्हणून उघडी जिवंत तार लावली होती. शेजारची बाई त्या तारेला चिकटून मेली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. आपल्या जागेत अनधिकाराने शिरणाऱ्या माणसासाठीही असा जीवघेणा सापळा लावता येत नाही, हे त्यातून पक्कं झालं. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेने आपल्याकडच्या शेतांतही माणसं दगावतात. शिवाय त्या दाराला पहाटे सगळ्यात आधी हात लावणारे तुम्ही किंवा तुमच्या घरचंच कुणी असणार.

तरीही चोरी झालीच तर

आत जाऊन आवराआवर करू नका. ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातली किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी तिच्या कलम ३०५ मध्ये येते आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे. तुमची शेड राहती नसली तरी त्यात बसते. घरफोडीचं कलम ३३१. जुने हवालदार अजून ‘४५७, ३८०’ म्हणतील, ते त्याचंच आधीचं रूप. तक्रार ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

चोर सापडला तरी माल परत मिळणं ही वेगळी लढाई आहे. ठाण्यात जप्त केलेले पाच ग्राइंडर एकसारखे दिसतात. त्यातला तुमचा कुठला? म्हणून आजच प्रत्येक मशीनच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, बिलं जपून ठेवा, आणि ज्याला नंबर नाही अशा हत्यारावर कोपऱ्यात काहीतरी कोरून ठेवा. माझ्या वडिलांनी प्रत्येक पान्यावर पंचने तीन ठिपके मारले होते. मला लहानपणी तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा. त्या तीन ठिपक्यांमुळे चार पाने परत आले, बाकीचं काही नाही. जप्त माल खटला संपेपर्यंत ठाण्यात सडत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला लवकर द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो.

विम्याचे कागद वाचल्याशिवाय पैसे मिळतील असं धरून चालू नका. २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान उद्योगासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आहेत. त्यांत चोरीचं संरक्षण फक्त आग, पूर अशा घटनेनंतर ७ दिवसांत त्याच घटनेमुळे झालेल्या चोरीला आहे. साध्या घरफोडीसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. आणि घरफोडीच्या पॉलिसीत ‘बळजबरीने प्रवेश’ अशी अट असेल तर दार उघडं विसरल्यावर झालेल्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. २००४ साली हरचंद राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसंच सांगितलं. ‘उचकटून’ हा शब्द पंचनाम्यात यायला हवा तो याचसाठी.

आता कुलपाच्या तेलाबद्दल. आपण खोबरेल सोडतो. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या पहाटे कुलूप अडकतं, मग माणूस वैतागून दोन दिवस ते नुसतं अडकवून ठेवतो, न लावता. त्याऐवजी पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चावीला चोळून आत फिरवा.

आणि एवढं सगळं झाल्यावर चावी कुठे ठेवता? आमच्या घरी ती गेली ३० वर्षं वीजमीटरच्या डब्यावर असायची आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आता तिथे नाही. कुठे आहे ते इथे लिहिणार नाही.